शाळेमागच्या आंब्यावरची आमरी

जून महिना होता. शाळा सुरू होऊन दोनच दिवस झाले होते आणि पहिला पाऊस पडून गेला होता. शाळेच्या मागे एक जुना आंबा आहे. त्याच्या आडव्या फांदीवरून वीतभर लांबीचा, पांढऱ्या-गुलाबी ठिपकेदार फुलांचा एक झुपका खाली लोंबत होता. आम्ही त्या झाडाखालून कित्येक वर्षे जा-ये करत होतो. पण तो झुपका आम्हाला दाखवला तो सातवीतल्या एका मुलीने. "बाई, या बांडगुळाला फुलं आलीत. हे आंब्याला खातं ना?" असा तिचा प्रश्न होता.

प्रश्न ऐकून आम्ही वर पाहिले. ते बांडगूळ नव्हते. ती आमरी होती, म्हणजे आपण हल्ली ज्याला ऑर्किड म्हणतो त्या कुळातली वनस्पती. आपल्याकडे तिला सीतेची वेणी किंवा द्रौपदीची वेणी म्हणतात. शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा. बांडगूळ आपली मुळे यजमान झाडाच्या आत घुसवून त्याचे पाणी आणि क्षार घेते. आमरी तसे करत नाही. ती झाडाच्या सालीला फक्त धरून राहते. तिची पांढरट जाड मुळे हवेत लोंबतात. त्यांच्यावर स्पंजासारखे आवरण असते आणि ते पावसाचे व दवाचे पाणी शोषून घेते. अन्न ती आपल्या हिरव्या पानांत स्वतःच तयार करते. अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात. आंबा हे तिचे घर आहे, ताट नव्हे.

मुलीचे समाधान झाले. पण जाता जाता तिने दुसरा प्रश्न विचारला, "मग एवढी फुलं कशाला? यात मध असतो का?" हा प्रश्न साधा वाटतो. परंतु याच प्रश्नाने एका जर्मन मुख्याध्यापकापासून चार्ल्स डार्विनपर्यंत अनेकांना घोळवले आहे. त्याचे पुरे उत्तर मिळायला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला. विशेष म्हणजे या उत्तराचे महत्त्वाचे तुकडे कोणत्याही दूरच्या मोहिमेत सापडले नाहीत. ते सापडले घराच्या आसपास, फिरायला गेलेल्या माणसांना. तीच हकिगत आम्ही येथे सांगणार आहोत.

आधी फुलाची थोडी ओळख करून घेऊ. आमरीच्या फुलाला तीन निदले आणि तीन पाकळ्या असतात. त्यांतली एक पाकळी इतरांपेक्षा वेगळी आणि बहुधा मोठी असते. तिला ओठ म्हणतात. फुलावर येणाऱ्या कीटकाला उतरण्यासाठी तो जणू ओटाच असतो. अनेक जातींत या ओठाच्या मागे एक पोकळ नळी शेपटीसारखी निघालेली असते. इतर फुलांत पुंकेसर आणि स्त्रीकेसर वेगळे दिसतात. आमरीत ते एकमेकांना जुळून त्यांचा एक छोटा स्तंभ बनलेला असतो. परागकणही सुटे, भुकटीसारखे नसतात. बहुतेक आमरींत ते एकत्र चिकटून त्यांच्या लहान गोळ्या बनतात. त्यांना परागपुंज म्हणतात. म्हणजे कीटकाने नेले तर सगळे पराग एकदम जातात, नाहीतर काहीच जात नाही. ही सर्व रचना कशासाठी?

स्पांडाऊचे मुख्याध्यापक

बर्लिनजवळच्या स्पांडाऊ गावी ख्रिस्टियान कोनराड स्प्रेंगेल नावाचे एक शिक्षक होते. त्यांचा जन्म १७५० चा. १७८० पासून ते तेथील शाळेचे मुख्याध्यापक होते. फुलांचा नाद त्यांना लागला आणि १७८७ च्या उन्हाळ्यात जंगली जिरेनियमचे एक फूल निरखताना त्यांना एक गोष्ट दिसली. पाकळ्यांच्या तळाशी बारीक, मऊ केस होते. निसर्गाने एकही केस उगाच निर्माण केला नसेल, अशी स्प्रेंगेल यांची श्रद्धा होती. त्यांनी विचार केला, की हे केस मधाच्या थेंबाला पावसापासून वाचवत असले पाहिजेत. आणि मध वाचवायचा तो कोणासाठी? कीटकांसाठी. या एका प्रश्नावरून ते पुढे गेले. सहा वर्षे गावाभोवतीच्या कुरणांत, झुडपांत आणि रस्त्याच्या कडेला बसून त्यांनी चारशेहून अधिक जातींची फुले पाहिली.

१७९३ साली त्यांचे पुस्तक निघाले. निसर्गाचे गुपित उघडे झाले, अशा अर्थाचे त्याचे नाव होते. त्यात पंचवीस चित्रपट्टे होते. फुलाचा रंग, वास, पाकळीवरच्या रेषा हे सर्व कीटकांना बोलावण्यासाठी आणि वाट दाखवण्यासाठी असते व कीटक पराग एका फुलावरून दुसऱ्यावर नेतात, हे त्यांनी दाखवले. आज हे आपण पाचवी-सहावीत शिकवतो. त्या काळी मात्र फार थोड्यांनी या पुस्तकाकडे लक्ष दिले. पुढच्याच वर्षी, १७९४ मध्ये, स्प्रेंगेल यांना मुख्याध्यापकपद सोडावे लागले. नंतर ते बर्लिनमध्ये शिकवण्या करून राहिले आणि रविवारी लोकांना वनस्पती दाखवायला गावाबाहेर नेत. पुस्तकाचा दुसरा भाग निघालाच नाही. १८१६ मध्ये ते वारले.

या पुस्तकात आमरीबद्दल एक विलक्षण विधान होते. काही आमरींच्या ओठामागे नळी असते, पण तिच्यात मध नसतो. फूल मधाचा देखावा करते, कीटक फसून येतो आणि फुकटच परागांची ने-आण करून जातो. अशा फुलांना स्प्रेंगेल यांनी खोट्या मधाची फुले म्हटले. फूल कीटकाला चक्क फसवते, असे म्हणणारा हा पहिला माणूस.

डार्विनची टेकडी

१८४१ साली रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने डार्विनला स्प्रेंगेल यांचे पुस्तक वाचायला सांगितले. हे ब्राउन म्हणजे पेशीतल्या केंद्रकाला ते नाव देणारे. आमरीच्या परागीभवनाचा अभ्यास करतानाच, तिच्या पेशी पाहताना, १८३१ मध्ये त्यांनी केंद्रकाचे वर्णन केले होते. आपण नववीत पेशी शिकवताना ही गोष्ट सांगायला हरकत नाही.

१८४२ साली डार्विन लंडनजवळच्या केंट परगण्यात, डाउन या खेड्यात राहायला गेला. पाच वर्षांचा जगप्रवास केलेला हा माणूस त्यानंतर पुन्हा कधी ब्रिटनबाहेर पडला नाही. तब्येत साथ देत नव्हती. पण घरापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर चुनखडीची एक उतरती टेकडी होती. तिच्यावर उन्हाळ्यात जंगली आमरी फुलत. घरातली माणसे तिला 'ऑर्किस बँक', म्हणजे आमरीचा उतार, असेच म्हणत. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या शेवटच्या परिच्छेदात वनस्पती, पक्षी, कीटक यांनी गजबजलेल्या ज्या उताराचे वर्णन आहे, ते याच जागेवरून सुचले असावे असे अनेक अभ्यासक मानतात.

१८५९ मध्ये ते पुस्तक निघाले आणि वादळ उठले. डार्विन मात्र पुढची वर्षे आमरी निरखण्यात रमला. यात विरंगुळा होता, तसा हेतूही होता. आमरीच्या फुलासारखी गुंतागुंतीची रचना ही केवळ शोभेसाठी निर्माण केलेली आहे, असे त्या वेळी पुष्कळांना वाटे. तिचा प्रत्येक भाग उपयोगाचा आहे आणि तो नैसर्गिक निवडीने हळूहळू घडला आहे, हे दाखवता आले तर सगळ्या सिद्धांतालाच आधार मिळणार होता. या कामात घरची मुलेही सामील झाली. मुलगा जॉर्ज फुलांवर कोणते कीटक येतात ते पाहू लागला. १८६० साली डार्विनने बागकामाच्या एका साप्ताहिकात पत्र लिहून वाचकांना त्यांच्या भागातल्या आमरींवर काय दिसते ते कळवण्याची विनंती केली. म्हणजे ज्याला आज आपण लोकसहभागातून संशोधन म्हणतो, तेच हे.

त्याचा एक प्रयोग आम्हाला फार आवडतो, कारण त्याला साहित्य लागते ते फक्त एक टोकदार पेन्सिल. जांभळ्या फुलांच्या एका आमरीच्या नळीत डार्विनने पेन्सिलीचे टोक हलकेच घातले. जणू ती कीटकाची सोंडच. पेन्सिल बाहेर काढली तेव्हा तिला परागपुंज चिकटून आला होता. त्याच्या देठाच्या बुडाशी एक चिकट चकती असते. तिचा डिंक हवेत काही मिनिटांतच घट्ट होतो. परागपुंज पेन्सिलीवर ताठ उभा होता. तशीच पेन्सिल दुसऱ्या फुलात घातली असती, तर तो परागपुंज जिथून निघाला त्याच जागी, परागकोशावर, जाऊन आदळला असता. कुक्षी त्याच्या खाली असते. पण डार्विन पाहत असताना, सुमारे तीस सेकंदांत, परागपुंज आपोआप पुढे झुकला आणि जवळजवळ काटकोनातून वळून आडवा झाला. आता पेन्सिल दुसऱ्या फुलात घातली की तो नेमका कुक्षीवर टेकत होता.

तीस सेकंद कशासाठी? तेवढ्या वेळात कीटक त्या झाडावरून उडून दुसऱ्या झाडावर गेलेला असतो. म्हणजे एका झाडाचे पराग त्याच झाडाला न मिळता दुसऱ्या झाडाला मिळतात. याला परपरागीभवन म्हणतात आणि त्यातून सशक्त संतती होते, हा डार्विनच्या विवेचनाचा गाभा होता. दुसऱ्या एका आमरीचे परागपुंज सोंडेवर वाहणारे पतंगही त्याने जमवले. त्यांपैकी एकाच्या सोंडेवर तर परागपुंजांच्या सात जोड्या होत्या. १८६२ च्या मे महिन्यात आमरींच्या परागीभवनावरचे त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

या पुस्तकातली एक गोष्ट सर्वांना माहीत असते. मादागास्करमधल्या एका आमरीची नळी जवळजवळ फूटभर लांब असते. तेवढ्या लांब सोंडेचा पतंग तिथे असलाच पाहिजे, हे डार्विनचे भाकीत आणि १९०३ मध्ये तसा पतंग वर्णिला गेला ती हकिगत. गोष्ट उत्तमच आहे. पण ते फूल डार्विनला कोणीतरी पाठवले होते. पुस्तकाचा पाया मात्र घराजवळच्या टेकडीवरच्या, बोटभर उंचीच्या, सहज पायाखाली जातील अशा आमरींनी घातला होता.

डार्विन कोठे चुकला?

आता आपल्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. फुलात मध असतो का?

डार्विनने आमरींच्या नळ्या दिवसचे दिवस तपासल्या. ऊन पडल्यावर पाहिल्या, पाऊस पडून गेल्यावर पाहिल्या, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. काही जातींत मध भरपूर होता. पण 'ऑर्किस मोरिओ' आणि तिच्या काही बहिणींच्या नळ्या दर वेळी कोरड्याच निघाल्या. त्याने त्या आमरीच्या एका झाडावर काचेची हंडी झाकून पाहिली. शेजारची तीन झाडे उघडी ठेवली. उघड्या झाडांवरचे परागपुंज दिवसेंदिवस नाहीसे होऊ लागले. झाकलेल्या झाडावरचे तसेच राहिले. म्हणजे कीटक येत होते, हे नक्की. मग कशासाठी येत होते?

स्प्रेंगेल यांचे उत्तर समोर होते : फसून. डार्विनला ते पटले नाही. कीटक काही इतके मूर्ख नसतात, पिढ्यान्‌पिढ्या, हजारो फुलांवर ते असे फसत राहतील हे शक्य नाही, असे त्याचे म्हणणे होते. नळीच्या आतल्या आणि बाहेरच्या पापुद्र्यांमध्ये पाणीदार रस असतो, कीटक आतला पापुद्रा टोचून तो पीत असावेत, असा तर्क त्याने मांडला. तर्क चतुर होता. त्याने आणखी पुढे जाऊन असेही सांगितले, की टोचायला वेळ लागतो आणि तेवढ्यात परागपुंजाचा डिंक घट्ट होतो. सगळे कसे जुळून येत होते.

पण ते खरे नव्हते. या आमरी कीटकाला खरोखरच काही देत नाहीत. जगात आमरींच्या सुमारे अठ्ठावीस हजार जाती आहेत आणि त्यांपैकी साधारण एक तृतीयांश जाती मध न देताच काम करून घेतात, असा आज अंदाज आहे. म्हणजे या एका बाबतीत विस्मृतीत गेलेले मुख्याध्यापक बरोबर होते आणि डार्विन चुकला होता. विद्यार्थ्यांना विज्ञानाची पद्धत समजावताना आम्ही हा प्रसंग आवर्जून सांगतो. डार्विनची निरीक्षणे अचूक होती. त्यांवरून काढलेला एक निष्कर्ष चुकला. निरीक्षणे त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवली, म्हणून पुढच्यांना तो निष्कर्ष तपासता आला.

आणखी एक कोडे त्याला सुटले नाही. इंग्लंडमध्ये मधमाशीसारखी दिसणारी एक आमरी आहे आणि माशीसारखी दिसणारी दुसरी. फूल कीटकासारखे का दिसावे? कीटकांना दूर ठेवण्यासाठी, असे ब्राउन यांना वाटे. डार्विनने पाहिले, की मधमाशी-आमरीचे परागपुंज आपल्या लांब, नाजूक देठांवर खाली लोंबतात आणि वाऱ्याने हलून त्याच फुलाच्या कुक्षीला लागतात. म्हणजे स्वपरागीभवन. परपरागीभवनाचे फायदे सांगणाऱ्या डार्विनला हे फूल म्हणजे अडचणच होती. माशी-आमरीचे तर निम्म्याहून कमी फुलांतले परागपुंज हललेले असत. तिच्यावर कोण येते, ते त्याला कधीच दिसले नाही.

एक न्यायाधीश आणि एक आई

हे कोडे दोघांनी सोडवले आणि दोघेही व्यवसायाने वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हते. पहिले होते अल्जीरियातले एक फ्रेंच न्यायाधीश, पुयान. त्यांनी वीसेक वर्षे आपल्या भागातल्या कीटकासारख्या दिसणाऱ्या आमरी पाहिल्या आणि १९१६ मध्ये कोरेव्हॉन यांच्याबरोबर त्याविषयी लिहिले. आरसा-आमरी नावाच्या फुलावर गांधीलमाशीसारख्या एकाच जातीच्या कीटकांचे फक्त नर येत होते. ते मध शोधतच नव्हते. फुलालाच मादी समजून ते त्याच्याशी मीलन करू पाहत होते. या कीटकाचे नर माद्यांच्या आधी बाहेर पडतात. नेमक्या त्याच दिवसांत ही आमरी फुलते.

दुसरी व्यक्ती ऑस्ट्रेलियातली. एडिथ कोलमन लग्नापूर्वी शाळेत शिकवत असत. पुढे मेलबर्नजवळ घर-संसार सांभाळत, वयाच्या पंचेचाळिशीनंतर, त्यांनी निसर्गनिरीक्षण गंभीरपणे हाती घेतले. १९२७ च्या जानेवारीत त्यांच्या मुलीला, डोरोथीला, एक कीटक एका आमरीच्या फुलात उलटा, म्हणजे मागील अंगाने शिरताना दिसला. मुलीचे हे म्हणणे आईने हसण्यावारी नेले नाही. तिने पाहणी सुरू केली. येणारे सर्व कीटक एकाच जातीचे आणि सर्व नर होते. तेही फुलाला मादी समजत होते. हे त्यांनी त्याच वर्षी व्हिक्टोरियातल्या निसर्गप्रेमींच्या मासिकात प्रसिद्ध केले. १९४९ साली ऑस्ट्रेलियाचे निसर्ग-इतिहास पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

फूल कीटकाला फसवते ते केवळ रूपाने नव्हे, वासाने. १९९९ मध्ये युरोपातल्या एका आमरीबाबत हे रसायनशास्त्राच्या आधारे सिद्ध झाले. मादी माशी नराला बोलावण्यासाठी जी रसायने सोडते, तीच रसायने ते फूल तयार करते. डार्विनला न दिसलेले माशी-आमरीचे पाहुणेही असेच नर निघाले.

राहिला एकच प्रश्न. फसवणुकीचा फायदा काय? मध दिला तर कीटक जास्त येतील, मग तो का देऊ नये? २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी मध नसलेल्या आमरीच्या नळ्यांत साखरेचे पाणी घातले. ही आमरी कोणती? डार्विनने हंडीखाली झाकलेली तीच मोरिओ. साखर मिळताच भुंगे एकाच झाडावर जास्त वेळ रेंगाळले आणि त्या झाडाचे पराग त्याच झाडाच्या दुसऱ्या फुलांवर पडू लागले. नळी कोरडी असली की भुंगा एक-दोन फुले पाहतो, निराश होतो आणि निघून जातो, दुसऱ्या झाडाकडे. म्हणजे फसवणुकीमुळे परपरागीभवनच साधते. डार्विनने नाकारलेल्या उत्तराला आधार मिळाला तो डार्विनच्याच तत्त्वाचा.

पणतवंडांनी पृथ्वी का झाकली नाही?

डार्विनचा छंद मोजण्याचाही होता. ठिपकेदार आमरीच्या एका झाडावर किती बिया येतात हे त्याने मोजून काढले. एका शेंगेत सुमारे ६,२०० बिया होत्या. तीस शेंगांच्या झाडाला त्यामुळे १,८६,३०० बिया येत. सर्व बिया रुजल्या तर एका झाडाच्या पणतवंडांनी पृथ्वीवरची जवळजवळ सगळी जमीन झाकली जाईल, असा त्याने हिशेब मांडला. मग तसे का होत नाही? हे त्याला सांगता आले नाही.

उत्तर मिळाले १८९९ मध्ये आणि तेही वाटेवरच. नोएल बर्नार हा फ्रेंच तरुण तेव्हा सक्तीची लष्करी सेवा करत होता. ३ मे रोजी फाँतेनब्लोच्या जंगलात त्याला जमिनीत दबलेली आमरीची एक जुनी शेंग आणि तिच्यातल्या रुजू लागलेल्या बिया दिसल्या. प्रत्येक रोपात बुरशीचे तंतू शिरलेले होते. आमरीचे बी धुळीच्या कणाएवढे असते. त्यात रोपाला पुरेल असा अन्नसाठा नसतो. निसर्गात योग्य बुरशी भेटली तरच ते रुजते, नाहीतर वाया जाते. लाखो बियांतून एखादे झाड उभे राहते ते यामुळे.

हे कळल्यावर घराजवळच्या आमरीकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलली पाहिजे. रानातून आमरी उपटून कुंडीत लावली तर बहुतेक वेळा ती मरते, कारण तिची बुरशी, तिची सावली, तिचा कीटक हे सारे मागेच राहते. इंग्लंडमध्ये 'लेडीज स्लिपर' या सुंदर आमरीचे असेच झाले. लोकांनी ती इतकी खणून नेली, की १९१७ मध्ये ती नामशेष झाल्याचे मानले गेले. १९३० मध्ये यॉर्कशायरमध्ये एकच झाड सापडले. सापडवणाऱ्यांनी जागा गुप्त ठेवली आणि पुढे अनेक दशके त्या एका झाडावर पहारा ठेवण्यात आला. त्यानंतर प्रयोगशाळेत रोपे तयार करून ती पुन्हा रानात लावण्यात आली आणि त्यांतले पहिले झाड २००० साली फुलले. एक झाड राखायला एवढे कष्ट पडले. उपटायला मात्र क्षण पुरला होता.

आपल्या अंगणात

महाराष्ट्राच्या आमरींचाही इतिहास आहे. मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक अलेक्झांडर गिब्सन आणि त्यांचे सहकारी डालझेल यांनी १८६१ मध्ये 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ काढला. त्यानंतर पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांची या इलाख्याची वनस्पतिसूची १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाली. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले फादर सांतापाव आणि कपाडिया यांनी १९६६ मध्ये मुंबई राज्यातल्या आमरींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांनी वर्णन केलेल्या एका आमरीचे नावच हॅबेनेरिया पंचगणिएन्सिस आहे. सहलीला गेल्यावर आपण पाचगणीचे टेबललँड पाहतो, घोड्यावर बसतो. त्या गावाचे नाव एका फुलाला मिळाले आहे, हे कितीजणांना ठाऊक असते?

सह्याद्रीत, कोकणात किंवा घाटाजवळ ज्यांच्या शाळा आहेत त्यांना लांब जायला नको. जून-जुलैत कातळसड्यांवर एकदोन पाने जमिनीला चिकटलेली आणि वर पांढरी फुले अशी हॅबेनेरिया दिसू लागते. पुढे गवतात टूथब्रशसारखा एकाच बाजूला फुलांची ओळ असलेला तुरा दिसला, तर ती तिचीच बहीण. आंबा, फणस, ऐन, जांभूळ अशा जुन्या झाडांच्या फांद्या पाहाव्यात. गावाची देवराई असेल तर ती पाहावीच. तिथली म्हातारी झाडे कोणी तोडलेली नसतात, म्हणून त्यांच्यावर आमरी टिकून असतात.

ज्यांच्या जवळ रान नाही त्यांनी फुलवाल्याकडून गुच्छातले एक जांभळे ऑर्किड आणावे. हे बहुधा लागवडीचे डेन्ड्रोबियम असते. स्तंभाच्या टोकावरची इवलीशी टोपी दात कोरायच्या काडीने अलगद उचलली की खाली मेणासारखे पिवळे परागपुंज दिसतात. सबंध वर्गाला ते भिंगातून पाहता येतात आणि त्यासाठी रानातले एकही फूल तोडावे लागत नाही.

रानातल्या आमरीसाठी आम्ही वर्गात तीन नियम केले आहेत. झाड उपटायचे नाही. फूल तोडायचे नाही. नेमकी जागा गावभर सांगत सुटायची नाही. आमरींची चोरटी विक्री होते. त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'साइटिस' करारानुसार नियंत्रण आहे, पण गावच्या झाडावर पहारा करणारे आपणच. वाऱ्याने किंवा रस्तारुंदीकरणात फांदी पडली आणि तिच्यावर आमरी असली, तर ती त्याच जातीच्या जवळच्या झाडाला, तशाच सावलीत, काथ्याने बांधावी. बाकी वेळ फक्त पाहावे आणि वहीत लिहावे. पहिले फूल कोणत्या तारखेला उमलले? किती फुले आली? त्यांवर दिवसा कोण आले, संध्याकाळी कोण आले? शेवटी शेंगा किती धरल्या?

आम्ही त्या वर्षी मोजले. आमच्या आंब्यावरच्या झुपक्यावर खूप फुले होती आणि शेंगा धरल्या अवघ्या दोन. ती मुलगी खट्टू झाली. आम्ही तिला डार्विनचा १,८६,३०० चा हिशेब सांगितला आणि बर्नारची शेंगही. त्यावर ती बराच वेळ फांदीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे बाई, हे झाड इथं आहे हेच केवढं नशीब!"

पुढच्या जूनमध्ये वर्गात आम्ही पोचण्याआधीच ती झाडाखाली उभी होती. वहीवर तारीख लिहून झाली होती.